साठीनंतरची ऐरण आणि क्रोशाची सुई

माझे वडील सरकारी खात्यात लेखापाल होते. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ घेऊन ते घरी आले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे वर्तमानपत्र वाचणे, औषधांच्या वेळा पाळणे आणि आईच्या आमटीत मीठ किती पडले यावर मत देणे याखेरीज त्यांनी फारसे काही केले नाही. बोलणेही कमी झाले होते. मग एकदा गावच्या घरी असताना परसातले खुरपे शेवटून आणायला म्हणून ते लोहाराकडे गेले आणि दुपारी दोन वाजता परतले. दुसऱ्या दिवशी नेण्यासारखे काही नव्हते, तरी गेले. तिसऱ्या दिवशी लोहारकाकाच म्हणाले, "साहेब, नुसतं बघत काय बसलाय? घण घ्या की."

आई माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे. लहानपणी मावशीकडून शिकलेले क्रोशाचे विणकाम तिने नोकरी लागल्यावर बाजूला ठेवले होते. निवृत्त झाल्यावर तिने माळ्यावरचा डबा काढला. सुया गंजल्या नव्हत्या.

मी पोलादावर संशोधन करते. त्यामुळे घरातल्या या दोन 'प्रयोगशाळां'तून मला फोन येऊ लागले. प्रश्न सोपे वाटायचे. त्यांची उत्तरे आपल्याला ठाऊक आहेत असा माझा समज होता. तो कसा बदलत गेला, हे आपल्यासमोर ठेवावे असे वाटले. आपल्यापैकी काहीजण निवृत्तीच्या जवळ आले असतील, आणि विद्यार्थी वाचकांच्या घरी आजी-आजोबा असतीलच.

उन्हातली छिन्नी

वडिलांनी पहिली वस्तू करायला घेतली ती छिन्नी. त्यासाठी भंगारवाल्याकडून ट्रकच्या कमानीचा जुना पाटा आणला. हे निवडणे योग्यच होते. कमानीच्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो, आणि पोलाद कडक करता यावे यासाठी इतका कार्बन पुरेसा होतो. खिडकीच्या गजात तो इतका कमी असतो की त्याला कितीही 'पाणी' दिले तरी धार टिकत नाही.

घडवून झाल्यावर त्यांनी मला फोन केला. "पाणी द्यायचंय. किती तापवू?"

"साडेआठशे अंश," मी म्हणाले.

"अगं, पण अंश बघू कुठे?"

प्रयोगशाळेतल्या भट्टीवर अंश लाल आकड्यांत उमटतात. परसातल्या कोळशावर ते उमटत नाहीत हे मी विसरले होते. मग मी पुस्तकातले सांगितले, की चेरीच्या फळासारखा लाल रंग आला की काढा. आमच्या गावात चेरी फक्त केकवर दिसते, आणि तीही बहुधा करवंदाची असते. लोहारकाकांना विचारावे, तर ते रंगाला नावच देत नाहीत. भट्टीत नजर लावून उभे राहतात आणि योग्य क्षणी "हां, आता" एवढेच म्हणतात.

शेवटी वडिलांनी आपल्या अंदाजाने भर दुपारी, परसात, छोट्या भट्टीवर छिन्नी लालभडक तापवली आणि बादलीत बुडवली. मग दगडावर ठेवून हातोड्याचा पहिला घाव घातला. छिन्नीचे दोन तुकडे झाले. एक तुकडा नारळाच्या बुंध्यात जाऊन रुतला. त्या वेळी आई तिथे नव्हती हे बरे झाले. चष्म्याशिवाय घाव घालायचा नाही, हा घरातला नियम त्या दिवसापासून लागू झाला.

दोन्ही तुकडे घेऊन ते लोहारकाकांकडे गेले. काकांनी तुटलेले तोंड दाराच्या उजेडाकडे धरले, जरा तिरपे केले आणि म्हणाले, "लई तापलं. दाणा बघा केवढा झालाय, साखरेवाणी." मग थोडे थांबून, "उन्हात केलंत व्हय?"

दाणा

हे निदान किती अचूक होते, हे समजण्यासाठी पोलादाच्या आत काय घडते ते पाहू.

सर्वसाधारण तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध, अशा रचनेत बसलेले असतात. या रचनेतल्या फटी इतक्या अडचणीच्या असतात की त्यांत कार्बनचा अणू जवळजवळ मावतच नाही. त्यामुळे बहुतेक कार्बन लोखंडाशी संयोग पावून वेगळ्या, पातळ थरांच्या रूपाने राहतो. तापमान वाढवत नेले की सातशे ते आठशे अंश सेल्सियसच्या दरम्यान अणूंची मांडणी बदलते. मधला अणू जातो आणि घनाच्या सहाही पृष्ठांच्या मध्यावर अणू येतात. या नव्या रचनेतल्या फटी मोठ्या असतात. थर विरघळतात आणि कार्बन लोखंडात मिसळून जातो.

आता हे पोलाद सावकाश थंड केले, तर कार्बन पुन्हा बाहेर पडून आपले थर बनवतो. झटकन थंड केले, तर त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. लोखंड जुनी रचना घेऊ पाहते आणि कार्बन आतच अडकलेला असतो. त्यामुळे घन एका दिशेने ताणला जातो. या ताणलेल्या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून 'मार्टेन्साइट' म्हणतात. अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकू शकत नाहीत, म्हणून मार्टेन्साइट फार कठीण असते. सरकता येत नाही म्हणूनच ते वाकतही नाही, सरळ तुटते.

दाण्याचे काय? पोलादाचा तुकडा म्हणजे असंख्य लहान स्फटिकांचा समूह असतो. त्यांनाच लोहार 'दाणा' म्हणतो. तापलेल्या अवस्थेत मोठे स्फटिक शेजारच्या लहानांना गिळत वाढत जातात. तापमान जितके जास्त, तितकी ही वाढ वेगाने होते. दाणे मोठे झाले की तडेही सहज जातात. नीट तापवून पाणी दिलेल्या पोलादाचा तुटलेला भाग मऊ राखाडी, मखमलीसारखा दिसतो. अति तापलेल्याचा भाग साखरेसारखा चमचमतो.

पुढच्या खेपेला मी तो तुकडा प्रयोगशाळेत नेला, कापला, घासून आरशासारखा केला, आम्लाने खोदला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दाणे असायला हवे होते त्याच्या कितीतरी पट मोठे होते. लोहारकाकांनी उघड्या डोळ्यांनी दोन सेकंदांत जे सांगितले, त्याला मला दीड दिवस लागला.

उन्हाची गोष्ट मात्र सूक्ष्मदर्शकात दिसली नसती. तापलेली वस्तू साधारण सव्वापाचशे अंशांच्या आसपास मंद लाल दिसू लागते. अमेरिकेतील जॉन ड्रेपर यांनी १८४७ मध्ये हे मोजून दाखवले होते. हा उजेड इतका क्षीण असतो की उन्हात तो दिसतच नाही. अंधाऱ्या खोलीत लालबुंद दिसणारा तुकडा उन्हात काळाच वाटतो. उन्हात तो लाल दिसू लागेपर्यंत तापमान कुठल्या कुठे गेलेले असते. लोहाराचा पालव तीन बाजूंनी बंद आणि काळोखा असतो तो ऐपत नाही म्हणून, असे मी लहानपणापासून धरून चालले होते. तो काळोख म्हणजे त्यांचा तापमापक आहे, हे मला पीएच.डी. झाल्यावर पंधरा वर्षांनी कळले.

वडिलांची नजर अजून तयार नव्हती, म्हणून मी त्यांना जुन्या ध्वनिवर्धकातला एक चुंबक दिला. शुद्ध लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंशांना नाहीसे होते. कमानीच्या पोलादात अणूंची मांडणी बदलते तीही याच सुमारास, आणि नवी मांडणी चुंबकाला दाद देत नाही. त्यामुळे चुंबक चिकटेनासा झाला, की आणखी थोडे तापवायचे आणि बुडवायचे. तेही पाण्यात नव्हे, कोमट गोडेतेलात. पाण्यात या जातीचे पोलाद इतक्या वेगाने थंड होते की त्याला तडा जाऊ शकतो. तेल पेट घेऊ शकते, म्हणून भांडे पत्र्याचे हवे आणि झाकण हाताशी हवे.

लोहारकाकांना चुंबकाची गंमत वाटली. त्यांनी "हां" म्हणायचे आणि वडिलांनी लगेच चुंबक लावून पाहायचा, असे आम्ही सात वेळा केले. सहा वेळा चुंबक चिकटला नाही. सातव्या वेळी चिकटला. चुंबक टोकाऐवजी थंड दांड्याला लागला होता असे काकांचे म्हणणे आहे. तो वाद अजून मिटलेला नाही.

रंग चढतो कसा

कडक झालेली छिन्नी तशीच वापरली तर ती तुटणार. तिचा थोडा कडकपणा काढून घ्यावा लागतो. त्यासाठी ती घासून चकचकीत करतात आणि मागच्या टोकाकडून हळूहळू तापवतात. मग एक सुंदर दृश्य दिसते. चकचकीत पोलादावर आधी फिकट पिवळा रंग येतो, तो गडद होत तपकिरी होतो, मग जांभळा, मग निळा. रंगांचे हे पट्टे मागून धारेकडे सरकत जातात. पिवळा साधारण २२० अंशांना, जांभळा २८० च्या आसपास आणि निळा ३०० ला. छिन्नीच्या धारेवर जांभळा पोचला की थांबायचे.

हे रंग तापलेल्या लोखंडाच्या उजेडाचे नसतात. पोलादावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर चढतो. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून आणि तळाशी असलेल्या धातूवरून परावर्तित झालेले किरण एकमेकांत मिसळतात. थराच्या जाडीप्रमाणे काही रंगांचे किरण एकमेकांना मारक ठरतात आणि उरलेले आपल्याला दिसतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसणारे रंग याच प्रकारचे. तापमान वाढते तसा थर जाड होतो आणि रंग बदलतो. आत, त्याच वेळी, अडकलेला कार्बन थोडाथोडा बाहेर पडून ताण सैल करत असतो.

वर्गात हे दाखवायला भट्टी लागत नाही. शिवणाच्या तीन जाड सुया घ्या. पहिली चिमट्यात धरून ज्योतीत लाल करा आणि ज्योतीच्या वरून अगदी सावकाश बाहेर काढून थंड होऊ द्या. ती तारेसारखी वाकेल. दुसरी लाल करून तत्क्षणी पाण्यात टाका. पाण्याची वाटी ज्योतीला खेटून हवी, कारण बारीक सुई हवेतच निवते. ही सुई वाकवायला जाताच मोडेल. तिसरी दुसरीसारखीच कडक करा, पॉलिशपेपरने उजळवा आणि ज्योतीपासून बऱ्याच उंचीवर धरून निळी होईपर्यंत शेकवा. ती वाकेल आणि सोडल्यावर पुन्हा सरळ होईल. सुया वाकवताना त्या जाड कापडात गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. एकच पोलाद, एकच कार्बन, आणि तीन वेगळे पदार्थ!

भट्टीवर काम करणाऱ्या कोणालाही एक सूचना अवश्य द्यावी. जस्ताचा मुलामा दिलेली नळी किंवा पत्रा कधीही तापवू नये. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याच्या पांढऱ्या धुराने त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्या एका शेजाऱ्याने अशी नळी आणून "जरा वाकवून द्या" म्हटले होते. वडिलांनी ती परत पाठवली. माझे ऐकून त्यांनी केलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

तर वडिलांची दुसरी छिन्नी चांगली झाली. तिसरी, चौथी आणि पाचवीही. गवंडी मागून नेऊ लागले. पण गेल्या दोनतीन वर्षांत एक तक्रार येऊ लागली, की धार वाकते, मऊ पडते. पद्धत तीच, भट्टी तीच, चुंबक तोच. मी भंगाराला दोष दिला. दर वेळी वेगळ्या गाडीचा पाटा येतो, त्यातला कार्बन कमी असेल, असे सांगितले. दोन नमुने तपासले, तर दोन्हींत कार्बन व्यवस्थित निघाला. तेवढ्यावर तो विषय मी सोडून दिला. त्याकडे पुन्हा येऊच.

सहाच का?

आईचा प्रश्न तिने मला विचारला नाही, स्वतःलाच विचारला. गोल रुमाल विणताना मुक्या खांबाचे सहा टाके घालून सुरुवात करायची आणि प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवायचे, असे मावशीने शिकवले होते. म्हणजे ६, १२, १८, २४ असे. हेच साध्या खांबाने विणायचे असेल, तर बाराने सुरुवात आणि दर फेरीला बारा वाढवायचे. हे नियम तिला हाताने पाठ होते. एका संध्याकाळी रुमाल मध्येच थांबवून ती म्हणाली, "सहाच का?" आणि पट्टी आणायला उठली.

तिचा मुका खांब मापात सुमारे पाच मिलिमीटर रुंद आणि तितकाच उंच भरला. प्रत्येक फेरीने रुमालाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते. मग परिघ किती वाढतो? उंचीच्या २π पट, म्हणजे ६.२८ पट. टाक्याची उंची आणि रुंदी सारखीच असल्याने वाढीव परिघ भरायला ६.२८ टाके लागतील. खांबाची उंची रुंदीच्या जवळजवळ दुप्पट असते, म्हणून तिथे १२.५७. मावशीचे सहा आणि बारा हे π चेच दुसरे रूप होते.

आईला आनंद झाला असेल असे आपल्याला वाटेल. तिला राग आला. "तीस वर्षं मी पोरांना परिघाचं सूत्र घोकायला लावलं," ती म्हणाली, "आणि टीव्हीवर, टीपॉयवर, फ्रिजवर, घरभर हे रुमाल होते."

राग ओसरल्यावर तिने उरलेल्या ०.२८ चा हिशेब मांडला. विसाव्या फेरीत १२० टाके असतात, हवेत १२५.७. शंभराव्या फेरीत ६०० असतात, हवेत ६२८. तूट आकड्याने वाढत जाते, पण टक्केवारीत ती नेहमी साडेचारच राहते. विणलेल्या कापडाचे फास थोडे ताणले जाऊन एवढी तूट सहज भरून काढतात, म्हणून रुमाल कितीही मोठा केला तरी सपाट बसतो. वाढीव टाके प्रत्येक फेरीत एकावर एक आले तर मात्र गोलाचा षट्कोन होतो. ते दर फेरीला थोडे सरकवावे लागतात. हेही मावशीने सांगितलेलेच होते.

सहापेक्षा कमी टाके वाढवले तर कापड वर उचलले जाते आणि टोपी होते. जास्त वाढवले तर झालर पडते. इथे मी तिला दाइना ताइमिना यांच्याविषयी सांगितले. लाटव्हियात जन्मलेल्या या गणितज्ञ बाई अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवत. युक्लिडचे समांतर रेषांविषयीचे गृहीतक जिथे लागू पडत नाही अशी भूमिती लोबाचेव्हस्की आणि बोल्याय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतंत्रपणे मांडली होती. पण त्या भूमितीचे प्रतल हाताळता येईल अशा रूपात विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अवघड होते. विल्यम थर्स्टन यांनी कागदाच्या पट्ट्या चिकटवून नमुना करण्याची युक्ती दिली, पण कागद लवकर फाटतो. १९९७ मध्ये ताइमिनांनी तो नमुना क्रोशाने विणला. युक्ती साधी आहे. दर ओळीला ठरावीक संख्येने नव्हे, तर ठरावीक प्रमाणात टाके वाढवायचे.

आईने वीस टाक्यांनी सुरुवात केली आणि दर पाच टाक्यांमागे एक वाढवला. म्हणजे प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या १.२ पट. अकराव्या ओळीत १२४ टाके झाले, एकविसावीत ७६७ झाले असते. पहिल्या दहा ओळींना मिळून सुमारे ५२० टाके लागले. त्यापुढच्या चारच ओळींना ६६५! चक्रवाढ व्याज शिकवताना आजवर इतके बोलके उदाहरण सापडले नव्हते, असे तिने मला ऐकवले. पंधराव्या ओळीला लोकर संपली.

हातात आलेली वस्तू म्हणजे घट्ट झालरींचा गोळा होता. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे ते फूल असते ना, थेट तसा. कोंबड्याचे फूल, लेट्यूसची पाने, काही प्रवाळ यांच्या कडेची वाढ आतल्या भागापेक्षा जास्त वेगाने होते, म्हणून त्यांनाही झालर पडते. हा गोळा कुठेही घडी घालून दाबला की घडीची रेषा 'सरळ' असते. तीन घड्यांवर रंगीत दोरा घातला की त्रिकोण मिळतो. आई तो घेऊन तिच्या जुन्या शाळेत नववीच्या वर्गात गेली. मुलांनी कोनमापक लावला. तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश भरेना, प्रत्येक वेळी बरीच कमी. एका मुलीने विचारले, "मग बाई, पुस्तक चुकलं?" पुस्तक सपाट कागदाबद्दल बोलते आहे, असे उत्तर आईने दिले. त्या मुलीचे समाधान झाले नाही, आणि आईला तेच फार आवडले.

क्रोशाची आणखी एक विशेष गोष्ट. स्वेटरच्या विणकामात सुईवर एकाच वेळी अनेक फास उघडे असतात. क्रोशात बहुधा एकच फास उघडा असतो आणि मागचा प्रत्येक टाका बंद झालेला असतो. म्हणूनच कोणत्याही टाक्यापासून कोणत्याही दिशेला वळता येते, आणि म्हणूनच हे काम यंत्राला जमवणे कठीण जाते. कारखान्यात निघते ती क्रोशासारखी दिसणारी जाळी. खरा क्रोशा कोणाच्या तरी हातचा असतो, आणि तो हात नेहमी हौसेने चालतो असे नाही. आंध्र प्रदेशातील नरसापूर भागात हजारो स्त्रिया घरी बसून क्रोशाची लेस विणून उपजीविका करत आल्या आहेत. त्यांना मिळणारी मजुरी किती तुटपुंजी होती, हे मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ च्या पुस्तकात मांडले. माझ्या वडिलांची ऐरण ही हौस आहे आणि लोहारकाकांची ऐरण हे पोट आहे, याचा विसर आमच्या घरात अधूनमधून पडतो. तो पडू नये, असे मला वाटते.

म्हातारपणी शिकणे

'क्रोशा विणा आणि स्मृतिभ्रंश टाळा' अशा प्रकारचे लेख हल्ली फार वाचायला मिळतात. इतके ठामपणे बोलण्याजोगा पुरावा नाही. जो आहे तो मात्र रोचक आहे. अमेरिकेत टेक्सास येथे डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ ते नव्वद वयाच्या २२१ व्यक्तींवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, डिजिटल छायाचित्रण किंवा तिकडच्या पद्धतीची गोधडी शिवणे शिकवले. इतरांना गप्पा, सहली, संगीत ऐकणे, शब्दकोडी असे नवे काही शिकावे न लागणारे कार्यक्रम दिले. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत नवे कौशल्य शिकणारे पुढे राहिले. २००८ मध्ये जर्मनीत साठीच्या आसपासच्या मंडळींना तीन चेंडू झेलण्याची कसरत शिकवली, तेव्हा मेंदूच्या काही भागांतला करडा थर वाढलेला प्रतिमांत दिसला. सराव थांबवल्यावर तीन महिन्यांत तो पूर्ववत झाला. शिवाय ही कसरत नीट जमली ती तरुणांच्या मानाने फार थोड्या जणांना.

यावरून मी एवढेच घेते की, पाठ असलेला दहावा रुमाल विणण्यापेक्षा न जमणारी झालर विणताना मेंदूला जास्त काम पडत असावे. वडिलांकडे पाहून आणखी एक वाटते, पण ते विज्ञान नव्हे. पस्तीस वर्षे त्यांच्या नोकरीत चूक म्हणजे खुलासा, मेमो, चौकशी. तुटलेली छिन्नी काही विचारत नाही. ती पुन्हा भट्टीत घालता येते.

दोन डोळे

आता मऊ पडणाऱ्या छिन्न्यांकडे येऊ. गेल्या वर्षी वडिलांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर त्यांनी पहिली तक्रार केली ती अशी, की घराच्या भिंती एका डोळ्याने पांढऱ्या आणि दुसऱ्याने चहाच्या रंगाच्या दिसतात. वय वाढते तसे डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. हे इतके सावकाश होते, आणि मेंदू त्याच्याशी इतके जुळवून घेतो, की बदल जाणवतच नाही. एका डोळ्यात नवे स्वच्छ भिंग बसले की फरक एकदम समोर येतो.

महिन्याभराने ते गावी गेले आणि छिन्नी शेकवायला घेतली. त्यांचा मला फोन आला. "ऐक. डाव्या डोळ्यानं बघतो तर अजून तपकिरीच आहे. उजव्यानं बघतो तर जांभळा होऊन निळा व्हायला लागलाय. कुठला खरा?"

मी खुर्चीतून उठलेच. पिवळ्या काचेतून जांभळ्या रंगाकडे पाहिले तर त्यातला निळा गळतो आणि तांबूस-तपकिरी उरतो. जांभळा दिसेपर्यंत थांबायचे म्हणजे प्रत्यक्षात निळ्याच्या पलीकडे जायचे. छिन्नी वीस-तीस अंश जास्त शेकली जाणार आणि तिचा कडकपणा हवा त्यापेक्षा जास्त उतरणार. पाट्यातला कार्बन बरोबर होता, मी उगाच त्याची चौकशी केली. भर म्हणून ते हे रंग पालवाच्या काळोखात पाहत होते. लाल तापलेला रंग काळोखात पाहावा, कारण तो लोखंडाचा स्वतःचा उजेड असतो. शेकवण्याचे रंग परावर्तित प्रकाशाचे, ते दारात, दिवसाच्या उजेडात पाहायला हवेत. इतकी साधी गोष्ट सांगायची माझ्याकडून राहून गेली होती.

मग लोहारकाकांची अवजारे मऊ का पडत नाहीत? त्यांचे वय वडिलांहून जास्त, आणि चाळीसेक वर्षे भट्टीकडे पाहण्यात गेलेली. भट्टीतून येणाऱ्या अवरक्त किरणांनी काच आणि लोखंडाच्या कारखान्यांतल्या कामगारांना मोतीबिंदू लवकर होतो, हे बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. वडिलांनी त्यांना विचारले. ते म्हणाले, "रंग आपला अंदाजाला. खरं कानस सांगती." रंग आला की ते धारेवर कानस ओढून पाहतात. ती नुसती घसरली तर अजून कडक आहे, सरसर खाऊ लागली तर जास्त उतरले, आणि जेमतेम धरली तर झाले. इतकी वर्षे वडिलांनी त्यांना तसे करताना पाहिले होते. धार साफ करत असतील, असे त्यांना वाटायचे.

"आधी का नाही सांगितलंत?" वडिलांनी विचारले.

"तुम्ही इचारलं कुठं?"

त्या दिवशी काकांनी प्रथमच कबूल केले, की आता त्यांना रंगांतला फरक जवळजवळ दिसत नाही. लहान सुरी करणे त्यांनी त्यामुळेच बंद केले आहे. फक्त कोयते आणि फाळ करतात. वडील त्यांना तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. सुगीआधीच्या कामाची गर्दी संपल्यावर, दिवाळीनंतर, शस्त्रक्रिया ठरली आहे. तोपर्यंत रंग सांगण्याचे काम वडिलांच्या उजव्या डोळ्याकडे आहे आणि कानस काकांच्या हातात.